व्हिडिओ थांबवा आणि आधी आपली चाल सांगा

जुलैतला रविवार होता आणि पावसाने सकाळपासून उसंत घेतली नव्हती. आमच्या देवगड तालुक्यातल्या गावात असा पाऊस लागला की आधी लाईट जाते आणि तासाभरात मोबाईलची रेंजही जाते. सातवीतला एक मुलगा माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येतो. त्या दिवशी मीच त्याच्या घरी गेलो होतो. पडवीत बाकड्यावर आम्ही दोघं आणि थोडं पलीकडे फणसाच्या आठळ्या सोलत बसलेली त्याची आजी. मोबाईलवर एका जुन्या गाजलेल्या डावाचा व्हिडिओ चालू होता. समजावणारा भराभर बोलत होता, मोहरे पडद्यावर सरकत होते, मुलगा मान डोलावत होता. पंधरावी चाल झाली आणि चित्र थांबलं. गोल चक्र फिरत राहिलं.

मी म्हटलं, "राहू दे, रेंज आली की बघू." आजीने मात्र मान वर केली. मुलाच्या आजोबांबरोबर ती पूर्वी खेळलेली, त्यामुळे मोहरे ओळखते. म्हणाली, "अरे, पण आता पांढरो काय करतलो?"

मुलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दहा मिनिटं प्रत्येक चालीला तो "कळलं, कळलं" म्हणत होता. पुढची चाल विचारल्यावर त्याच्याकडे एकही उत्तर नव्हतं. मग आम्ही लाकडी पट काढला, पडद्यावरची स्थिती बॅटरीच्या उजेडात मांडली आणि बसून राहिलो. वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्यानंतर त्याला जे सापडलं ते पुढे सांगतोच. पण माझ्या शिकवण्याची पद्धत त्या वीस मिनिटांनी बदलली. रेंज जाण्याची वाट न बघता आता मी स्वतःच व्हिडिओ थांबवतो.

व्हिडिओंना मी नावं ठेवत नाही. पूर्वी आमच्याकडच्या एखाद्या मुलाला खरंच पुढे जायचं असेल, तर घाट चढून कोल्हापूर-सांगली गाठायची किंवा मुंबईच्या नातेवाइकांकडे राहायचं, एवढेच रस्ते होते. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला, जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत पट उघडले जाऊ लागले. ही मुलं शिकणार कुठून? व्हिडिओतूनच. दिव्याचा डाव त्याच संध्याकाळी चालीगणिक उलगडून सांगणारा माणूस मोबाईलवर मिळतो, तोही फुकट. माझ्या लहानपणी असं काही मिळालं असतं तर मी रात्र रात्र जागलो असतो. प्रश्न एवढाच, की बघितलेलं अंगी कसं लागतं.

त्यासाठी आधी हे बघू, की मोठा खेळाडू पटाकडे बघतो तेव्हा त्याला नेमकं काय दिसतं.

नेदरलँड्समध्ये आद्रियान द ग्रूट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, स्वतः चांगले बुद्धिबळपटू. त्यांनी खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती काही सेकंद दाखवली, पट झाकला आणि म्हटलं, आता आठवून मांडा. वरच्या दर्जाच्या खेळाडूंनी जवळजवळ सगळे मोहरे जागच्या जागी ठेवले. साध्या खेळाडूंना थोडेच आठवले. म्हणजे मोठ्या खेळाडूंची स्मरणशक्तीच अफाट असते, असं कुणालाही वाटेल. १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी हाच प्रयोग पुढे नेला. सायमन यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. या दोघांनी खऱ्या डावातल्या स्थितींबरोबर मोहरे कसेही विस्कटून ठेवलेले पटही दाखवले. विस्कटलेल्या पटावर उस्ताद आणि नवखा यांच्यातला फरक जवळजवळ पुसला गेला.

याचा अर्थ आमच्याकडच्या माणसाला लगेच कळतो. हंगामात आमच्या बागेत आंबे भरायला ज्या काकू येतात, त्या फळ हातात घेतात आणि वजनकाट्याकडे न बघता चार डझनी किंवा पाच डझनी पेटीत ठेवतात. देठाजवळचा खड्डा, सालीचा रंग, हाताला लागणारा भार हे त्यांना वेगवेगळं मोजावं लागत नाही, एकदम दिसतं. इतक्या वर्षांची सवय आहे ती. पण त्याच काकूंपुढे सफरचंदं ठेवली तर त्याही माझ्यासारख्याच चाचपडतील. बुद्धिबळातल्या उस्तादाचंही तसंच असतं. त्याला बत्तीस सुटे मोहरे दिसत नाहीत, पुंजके दिसतात: किल्लेकोट केलेला, म्हणजे हत्तीबरोबरच्या एकाच चालीत कडेला सुरक्षित नेलेला राजा आणि त्याच्यापुढची तीन प्यादी हा एक पुंजका, उंटाने जखडलेला, म्हणजे हलला तर मागचा मोठा मोहरा मारला जाईल असा घोडा हा दुसरा. आणि प्रत्येक पुंजक्याबरोबर "इथे साधारण असं करतात" ही आठवणही चिकटलेली असते.

हे पुंजके डोक्यात भरायचा रस्ता म्हणजे चांगले डाव. पण काकू आंबे भरायला शिकल्या त्या दुसऱ्याला भरताना नुसतं बघून नव्हे. फळ हातात घेतलं, चुकीच्या पेटीत ठेवलं, कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवलं, तेव्हा शिकल्या. आधी स्वतःचा अंदाज, मग त्याची दुरुस्ती. व्हिडिओत दुरुस्ती आयती मिळते, अंदाज मात्र राहून जातो. समजावणारा जितका चांगला, तितका हा धोका मोठा. त्याने सांगितलं की प्रत्येक चाल अगदी साहजिक वाटते, आणि साहजिक वाटणं म्हणजेच कळणं असा आपला समज होतो.

आता त्या पावसाळी दुपारचा डाव बघू. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात अमेरिकेचा पॉल मॉर्फी दोघांविरुद्ध खेळला: ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर. दोघं मिळून विचार करून काळ्याच्या चाली खेळत होते. मॉर्फी तेव्हा एकवीस वर्षांचा होता. डाव अवघ्या सतरा चालींचा. शिकवायला याच्यापेक्षा चांगला डाव मला तरी माहीत नाही, कारण यातली प्रत्येक चाल मुलांना समजावता येते.

शक्य असेल तर पट समोर घ्या. घरांची नावं मी मराठीतच लिहितो: उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८.

दोन्हीकडून राजापुढचं प्यादं दोन घरं: ई४, ई५. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचं प्यादं डी६. पांढऱ्याचं प्यादं डी४, काळ्याचा उंट जी४, म्हणजे पांढऱ्या वजिराच्या रेषेत एफ३ चा घोडा जखडला गेला. पांढऱ्याचं प्यादं ई५ वरचं प्यादं मारतं, काळ्याचा उंट एफ३ वरचा घोडा मारतो, पांढऱ्याचा वजीर तो उंट मारतो, काळ्याचं डी६ चं प्यादं ई५ वर मारतं. मग पांढऱ्याचा उंट सी४. आता वजीर आणि उंट दोघांचीही नजर एफ७ वर आहे आणि तिथे मात बसायचा धोका आहे. काळा घोडा एफ६ वर आणून वजिराची वाट अडवतो. पांढरा वजीर बी३ वर जातो आणि तिथून एफ७ आणि बी७ ही दोन्ही प्यादी धरतो. काळा आपला वजीर ई७ वर ठेवून एफ७ राखतो.

इथे पहिल्यांदा थांबवा. बी७ चं प्यादं सुटलेलं आहे. मारायचं का?

आमच्या शाळेतली दहापैकी नऊ मुलं मारतात. फुकटचं प्यादं कोण सोडेल? मॉर्फीने सोडलं. वजिराने ते प्यादं मारलं तर काळा वजीर बी४ वर येऊन शह देतो आणि वजिराला वजीर द्यावा लागतो. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त राहील, डाव बराही असेल, पण मग लांबलचक, सावकाश जिंकायचा. मॉर्फीने त्याऐवजी दुसरा घोडा सी३ वर काढला. त्याचा हिशेब वेगळा होता: काळ्याचा राजा अजून मध्येच आहे, त्या बाजूचा उंट आणि हत्ती घरातून हललेले नाहीत, तेव्हा आणखी एक मोहरा कामाला लावायचा. व्हिडिओत ही चाल बहुतेक वेळा दोन वाक्यांत निघून जाते, कारण तिच्यात मारामारी नाही. आमचा मात्र इथे अर्धा तास जातो, आणि तो जावा असंच मला वाटतं. उस्तादाने काय केलं ते पडद्यावर दिसतं. त्याने कशावर पाणी सोडलं ते विचारल्याशिवाय दिसत नाही.

पुढे काळ्याचं प्यादं सी६ वर, पांढऱ्याचा उंट जी५ वर, म्हणजे आता काळ्याचा एफ६ चा घोडा आपल्या वजिरासमोर जखडला. काळ्याने बी५ खेळून सी४ च्या उंटाला हाकलायला बघितलं आणि मॉर्फीने घोडाच देऊन टाकला: घोड्याने बी५ चं प्यादं मारलं, काळ्याने घोडा मारला, उंटाने पुन्हा तिथेच मारून शह दिला. घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी. काळ्याने बी८ चा घोडा डी७ वर आणून शह अडवला. पांढऱ्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. ही एकच चाल, पण राजा सुरक्षित झाला आणि हत्ती थेट डी ओळीत येऊन डी७ च्या घोड्यावर रोखला गेला. काळ्याने तो राखायला हत्ती डी८ वर आणला.

दुसऱ्यांदा थांबवा. आता मोजा: पांढऱ्याचे किती मोहरे कामात आहेत, काळ्याचे किती? पांढऱ्याचा एकच मोहरा अजून बसून आहे, एच१ चा हत्ती. मग त्याला जागा कशी करायची? मॉर्फीने डी ओळीतल्या हत्तीने डी७ चा घोडा मारला. काळ्याच्या हत्तीने तो हत्ती मारला. आणि लगेच उरलेला हत्ती डी१ वर. पुढची लाट आली. काळ्याचा डी७ चा हत्ती आता उंटामुळे राजासमोर जखडलेला आहे. काळ्याने वजीर ई६ वर नेला, पांढऱ्याच्या उंटाने डी७ चा हत्ती मारून शह दिला, आणि काळ्याच्या एफ६ च्या घोड्याने तो उंट मारला.

नेमकी इथेच आमची रेंज गेली होती.

वीस मिनिटांत मुलाने आधी हत्तीने डी७ चा घोडा मारून बघितला आणि स्वतःच मोहरे परत ठेवले. मग त्याने एक वेगळा प्रश्न विचारला. माझ्या मते त्या दिवसाचं खरं शिक्षण त्या प्रश्नात होतं. तो म्हणाला, "हत्ती डी८ वर गेला तर मात आहे ना? जी५ चा उंट त्याला राखतोय. फक्त डी७ चा घोडा मध्ये आहे. त्याला तिथून हलवायचं कसं?" हे विचारल्यावर उत्तर सापडायला त्याला जेमतेम मिनिट लागलं. वजीर बी८ वर, शह. तो वजीर मारल्याशिवाय काळ्याला गत्यंतर नाही, आणि मारणारा एकच आहे: तोच डी७ चा घोडा. तो बी८ वर गेला की डी ओळ मोकळी. हत्ती डी८, मात.

आजी म्हणाली, "वजीरच देऊन टाकल्यान?" आणि उठून पटाजवळ आली. मुलाने तिला दाखवलं: शेवटी पांढऱ्याकडे राजा आणि प्यादी सोडून फक्त एक हत्ती आणि एक उंट, काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं आहे. पण त्यातला हत्ती आणि उंट डावभर जागचे हललेलेच नाहीत. हे तो व्हिडिओतलं पाठ म्हणून सांगत नव्हता. तो स्वतःला सापडलेलं सांगत होता. आवाजावरून ते कळत होतं.

आता पडद्याच्या कडेला असते त्या काळ्या-पांढऱ्या पट्टीबद्दल. बहुतेक व्हिडिओंत ती असते आणि मुलांचं लक्ष पटापेक्षा तिच्याकडेच जास्त असतं. ती पट्टी म्हणजे संगणकाचा अंदाज. प्याद्याची किंमत १, घोडा आणि उंट साधारण ३, हत्ती ५, वजीर ९, हा हिशेब आपण लहानपणी शिकतो. पट्टीवर अधिक १ दिसलं तर पांढऱ्याची बाजू साधारण एका प्याद्याइतकी वरचढ, उणे असेल तर काळ्याची. पण हा आकडा नुसते मोहरे मोजून येत नाही. स्टॉकफिशसारखी प्रणाली दोन्ही बाजूंनी उत्तमात उत्तम चाली खेळल्या तर काय होईल, हे खूप खोलवर तपासून तो आकडा देते. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने न्यूयॉर्कला तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्हला सहा डावांच्या लढतीत हरवलं. आज मोबाईलवर फुकट मिळणारी प्रणाली कुठल्याही माणसापेक्षा भारी खेळते. तेव्हा आकडा बहुतेक बरोबरच असतो. मात्र त्यात कारण लिहिलेलं नसतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण गुकेशच्या जगज्जेतेपदाच्या शेवटच्या, चौदाव्या डावातलं आहे. तोवरचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडे हत्ती आणि उंट होते आणि डाव बरोबरीकडे चालला होता. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर ठेवून हत्तीला हत्ती द्यायची तयारी दाखवली, आणि पट्टी एका क्षणात काळ्याच्या बाजूने कलली. पट्टी बघणाऱ्या लाखो लोकांना कळलं की डिंग हरला. का हरला, हे त्यातल्या कितीजणांना सांगता आलं असतं? हत्ती गेल्यावर गुकेशने उंटाला उंट द्यायला भाग पाडलं, कारण डिंगचा उंट पार कोपऱ्यात, ए८ वर अडकला होता आणि त्याला निसटायला जागा नव्हती. मग उरले राजे आणि प्यादी. हत्ती असताना एका जादा प्याद्याने डाव जिंकणं कठीण असतं. नुसते राजे आणि प्यादी उरली की तेच प्यादं निर्णायक ठरू शकतं, आणि इथे ठरलं. तीन चालींनंतर डिंगने डाव सोडला.

म्हणून मी मुलांना पट्टीवर कागदाची चिटोरी चिकटवायला सांगतो. खरोखर, पडद्याच्या त्या कडेला. डाव संपल्यावर कागद काढायचा, पुन्हा पहिल्यापासून बघायचं आणि पट्टी जिथे जिथे उडी मारते तिथे थांबून विचारायचं: काय बदललं?

पद्धत म्हणून सांगायचं तर फार नाही. आमच्याकडे मुलं सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर जाऊन रेंजमध्ये व्हिडिओ उतरवून आणतात. त्याबरोबर डावाच्या चाली वहीत लिहून आणा, असं मी सांगतो. अख्खा डाव पोस्टकार्डावर मावतो आणि त्याला ना लाईट लागते ना रेंज. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा खरा पट हवाच, कारण पडद्यावर मोहरा कुणीतरी आपल्यासाठी हलवतो आणि हाताला काहीच आठवत नाही. सुरुवातीच्या सात-आठ चाली बघून घ्यायच्या, तिथून पुढे जिंकणाऱ्याच्या प्रत्येक चालीआधी थांबायचं आणि आपली चाल वहीत लिहायची. नुसती मनात ठेवलेली चाल उत्तर दिसताच गुपचूप बदलते, हे मी मुलांत बघितलंय आणि स्वतःतही. उस्तादाची चाल वेगळी निघाली तर लगेच पुढे जायचं नाही. आपली चाल पटावर खेळून बघायची, की काळा तिला काय उत्तर देतो. कित्येकदा आपलीही चाल चांगली असते. असा एक डाव दोन संध्याकाळी घेतो. आठवड्याला तेवढा पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी वही मिटून तोच डाव पटावर मांडून बघायचा. जिथे अडाल तिथलं कारण कळलेलं नाही, असं समजायचं.

डाव निवडताना आजकालच्या मोठ्या स्पर्धांतले डाव नवख्यांनी आधी घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या पहिल्या पंधरा-वीस चाली घरी संगणकावर तयार करून आणलेल्या असतात आणि दोन्ही बाजू इतक्या सावध खेळतात की खरी चुरस पृष्ठभागाच्या खाली राहते. आधी मॉर्फी घ्यावा आणि त्यानंतर क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका. त्यांच्या डावांत एक बाजू चूक करते आणि दुसरी ती चूक सरळ मार्गाने वसूल करते.

कापाब्लांकाचा १९२४ सालचा न्यूयॉर्कमधला तार्ताकोव्हरविरुद्धचा डाव आम्ही सध्या घेतोय. हत्ती, राजा आणि प्यादी उरलेली. ३५व्या चालीला मी व्हिडिओ थांबवला. पाचही मुलांनी वहीत सी३ चं प्यादं राखणारी चाल लिहिली. कापाब्लांकाने राजा जी३ वर नेला आणि प्यादं जाऊ दिलं. त्यानंतर एफ४ चंही जाऊ दिलं, दोन्ही शहासकट, आणि राजा चालत चालत एच४, जी५ वरून एफ६ वर पोचला. वाटेत काळ्याचं एफ५ चं प्यादं मारता येत होतं, तेही त्याने मारलं नाही. ते का, हा प्रश्न मी मुलांपुढे ठेवला.

बराच वेळ गेल्यावर सातवीतला तो मुलगा पटावर बोट ठेवून म्हणाला, "सर, ते प्यादं काळ्याचं आहे, पण पाठीमागून येणारा हत्तीचा शह तेच अडवतंय. ते मारलं तर राजा उघड्यावर पडेल." त्याने राजाच्या मागे, प्याद्याच्या खाली काळा हत्ती ठेवून दाखवला. हत्ती, मग त्याचंच प्यादं, मग पांढरा राजा. शह पोचत नव्हता.

घरी जाऊन त्याने हे आजीला दाखवलं, असं त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरां, पण मगे काळो काय करतलो?" त्यावर आता तो पुढच्या चाली वहीत लिहितोय.